छाटणी येते, परवडत नाही

चॉकलेट कंपन्यांचे शाश्वततेचे वार्षिक अहवाल चाळले की एक वाक्य हमखास सापडतं : यंदा अमुक लाख कोको उत्पादकांना आम्ही प्रशिक्षण दिलं. सोबतचा फोटोही ठरलेला. झाडाखाली बाकडी, टी-शर्ट घातलेला प्रशिक्षक, त्याच्या हातात छाटणीची कात्री आणि समोर घाना किंवा आयव्हरी कोस्टमधले पंचवीस-तीस शेतकरी. फोटोशी माझं भांडण नाही. भांडण आहे ते त्यामागे न बोलता धरून चाललेल्या गोष्टीशी. कोको पिकवणारा गरीब आहे, कारण त्याला कोको नीट पिकवता येत नाही. त्याला शिकवा, की उत्पन्न वाढेल, जंगल वाचेल, मुलं शाळेत जातील. हे ऐकायला इतकं गोड आहे की त्यातला पहिला भाग खरा आहे का, हे कुणी तपासायला जात नाही.

प्रशिक्षण निरुपयोगी आहे असं मी म्हणत नाही. पण गेली वीसेक वर्षं पश्चिम आफ्रिकेत भाव, जमिनीवरचा हक्क आणि मजुरी या प्रश्नांना हात घालायची वेळ आली की त्याऐवजी वर्ग भरवला गेला. वर्ग स्वस्त पडतो, मोजता येतो आणि त्यात कुणाचं काही जात नाही. वेळ जातो तो शेतकऱ्याचा, आणि तो कुठल्याच हिशेबात धरलेला नसतो.

आधी परिस्थिती काय आहे ते पाहू. घाना आणि आयव्हरी कोस्ट हे शेजारी देश मिळून जगातला निम्म्याहून अधिक कोको पिकवतात. चहाच्या मळ्यांसारखे मोठे मळे तिथे जवळजवळ नाहीत. दोन-चार हेक्टरांची घरगुती शेतं आहेत. हेक्टरी उत्पादन चारशे-पाचशे किलो सुक्या बियांच्या आसपास, कित्येक ठिकाणी त्याहूनही कमी. संशोधन केंद्राच्या प्लॉटवर तेच पीक हेक्टरी टनाच्या वर जातं. शेतातले चारशे आणि केंद्रावरचे हजार, या मधल्या सहाशे किलोंवर प्रशिक्षणाचा सगळा डोलारा उभा आहे. अंतर खरं आहे. ते अज्ञानातून आलंय का, एवढाच प्रश्न आहे.

आता थोडा इतिहास. १८७० च्या दशकात टेट्टे क्वार्शी नावाचा आक्राकडचा लोहार फर्नांडो पो बेटावर कामाला गेला, येताना कोकोच्या बिया घेऊन आला आणि त्या त्यानं माम्पाँगला लावल्या, अशी कथा घानातल्या पोरासोरांना पाठ असते. मिशनऱ्यांनीही बिया आणल्या होत्या, पण श्रेय लोहाराला मिळालं ते बरंच झालं. त्यानंतर अकुआपेमच्या डोंगराळ भागातले शेतकरी पाम तेलात कमावलेला पैसा एकत्र करून पश्चिमेकडची जंगलजमीन विकत घेत गेले, चालत जाऊन कोको लावत गेले. १९११ च्या सुमारास गोल्ड कोस्ट, म्हणजे आजचा घाना, कोकोत जगात पहिला होता. तीस-पस्तीस वर्षांत, आणि शेतकऱ्यांच्या स्वतःच्या पैशावर आणि अकलेवर. ब्रिटिशांच्या शेती खात्याचे अधिकारी त्या काळातही तक्रार करत होते की हे लोक झाडं फार दाट लावतात, शेताची निगा राखत नाहीत. १९३७-३८ साली युरोपीय कंपन्यांनी आपसांत ठरवून भाव पाडायचा घाट घातला, तेव्हा याच 'अडाणी' लोकांनी कित्येक महिने माल विकायलाच नकार दिला आणि लंडनच्या सरकारला चौकशी आयोग पाठवावा लागला.

मग घानाच्या उत्पादनाचा आलेख पाहा. १९६४-६५ च्या हंगामात साडेपाच लाख टनांहून अधिक. १९८३-८४ मध्ये एक लाख साठ हजारांच्या घरात. २०१०-११ मध्ये दहा लाखांच्या पुढे. २०२०-२१ मध्ये १० लाख ४७ हजार टनांचा विक्रम, आणि २०२३-२४ मध्ये त्याच्या जेमतेम निम्मं.

वीस वर्षांत घानाचा शेतकरी कोको लावायला विसरला आणि पुढच्या पंचवीस वर्षांत पुन्हा शिकला, असं तर झालं नसेल? पहिल्या घसरणीची कारणं सगळ्यांना माहीत आहेत. सरकारी खरेदी मंडळानं जागतिक भावातला मोठा वाटा स्वतःकडे ठेवला, चलनाचा दर कृत्रिमरीत्या चढा ठेवला, शेतकऱ्याच्या हाती इतकं कमी आलं की त्यानं झाडांकडे बघणं सोडलं आणि जो माल निघाला तो रातोरात सीमेपलीकडे नेला. त्यावर १९८३ चा दुष्काळ आणि वणवे. नंतरच्या चढणीमागची कारणंही तितकीच उघड आहेत. निर्यातभावातला शेतकऱ्याचा वाटा सरकारनं वाढवला. २००१ पासून सरकारी खर्चानं फवारणीच्या टोळ्या गावोगाव फिरू लागल्या. पाठोपाठ खतं मिळू लागली. शेजारी आयव्हरी कोस्टात यादवी पेटली आणि तिकडचा बराच माल चोरवाटांनी इकडे आला, हेही सांगायला हवं, नाहीतर हिशेब फुगतो.

शेवटच्या घसरणीबद्दल मात्र कंपन्या फारसं बोलत नाहीत. २००८ ते २०२० हा प्रशिक्षण कार्यक्रमांचा सुवर्णकाळ. कॅडबरी कोको पार्टनरशिप, नेस्लेचा कोको प्लॅन, माँडेलीझचा कोको लाइफ, कारगिलचं कोको प्रॉमिस, २०१४ मध्ये मोठमोठ्या कंपन्यांनी मिळून काढलेला कोकोॲक्शन : एवढी शिकवणी त्या शेतकऱ्यानं उभ्या जन्मात पाहिली नव्हती. त्यानंतर पीक निम्म्यावर आलं. प्रशिक्षणामुळे आलं असा आरोप कुणी करणार नाही. रोग होता, पावसानं दगा दिला होता, खतं मिळेनाशी झाली होती, आणि गालामसे म्हणतात त्या बेकायदा सोन्याच्या खाणींनी शेतंच्या शेतं उकरून टाकली होती. पण इतकं तर दिसतं, की यातल्या एकाही गोष्टीपुढे वर्गात शिकलेलं काही कामाला आलं नाही.

शेतकऱ्याचं कौशल्य जिथे पैसे देतं तिथे ते कसं टिकतं, याचा नमुना घानातच आहे. कोकोची फळं कोयत्यानं तोडायची, फोडायची, आतला पांढरा चिकट गर बियांसकट बाहेर काढायचा. मग जमिनीवर केळीची पानं अंथरून त्यावर बियांचा ढीग, वरून पुन्हा पानं, पानांवर काठक्या. दुसऱ्या दिवसापासून ढीग तापतो, पाणी सुटतं, व्हिनेगरसारखा आंबूस दर्प येतो. दर दोन दिवसांनी ढीग उलथायचा, म्हणजे बाहेरची बी आत आणि आतली बाहेर. सहाव्या दिवशी उघडायचा आणि बांबूच्या उंच मांडवांवर वाळवण घालायचं. आठवडाभर, कधी जास्त, बायका आणि पोरं त्या वाळवणाशी बसून असतात : चपट्या बिया वेचून टाकायच्या, जोडबिया सुट्या करायच्या, आभाळ आलं की झाकायचं. मुठीत धरून दाबल्यावर बी खुडखुड वाजली की पोत्यात. हे काम कंटाळवाणं आहे आणि टाळता येण्याजोगंही आहे; बऱ्याच देशांत ते दोन-तीन दिवसांत उरकतात. घानातला शेतकरी टाळत नाही, कारण ओला किंवा कच्चा आंबलेला माल खरेदी-कारकून परत पाठवतो आणि नीट आंबवलेल्या घानाच्या कोकोला जगात चार पैसे जास्त मिळतात. या साखळीत शिक्षा आहे, मोबदला आहे, तपासणी आहे. प्रबोधन नावालाच असेल.

आता छाटणीकडे येऊ, कारण सगळ्या अभ्यासक्रमांत तिचा मान मोठा. कोकोचं झाड मोकळं सोडलं की फांद्या एकमेकांत अडकतात, ऊन-वारा आत जात नाही, ओल राहते आणि फळं काळी पडून कुजतात. आपल्या कोकणात सुपारीवर जो कोळेरोग येतो त्याच कुळातली ही बुरशी. खोडावर बांडगूळ येतं, ढेकण्या लागतो, म्हणजे काजूवरच्या ढेकण्याचेच भाऊबंद. छाटणी केली, खोडावरचे फुकटे फुटवे काढले, कुजकी फळं वेळच्या वेळी उतरवून शेताबाहेर नेली, तर हे बऱ्याच अंशी आटोक्यात येतं. शास्त्र बरोबर आहे. पण जमिनीवर काय होतं? शेतकरी साठीला टेकलेला, पोरगा शहरात मोटारसायकलवर भाडी मारतो. उंच वाढलेल्या जुन्या झाडांवर लांब दांड्याची कात्री चालवायला मजूर लावावे लागतात. एक हेक्टर म्हणजे हजाराच्या आसपास झाडं. मजुरी आज द्यायची, आणि फळ पुढच्या हंगामात, तेही कदाचित. जोरात छाटलेलं झाड पहिल्या वर्षी कमीच देण्याची शक्यता असते. बुरशीची फवारणी आणि तणाची बेणणी ऐन पावसाळ्यात यायची, जेव्हा आधीच्या हंगामाचा पैसा संपलेला असतो आणि नव्या हंगामाचा ऑक्टोबरपर्यंत यायचा नसतो. हा सगळा हिशेब तो शेतकरी बाकड्यावर बसल्या बसल्या करतो, मान डोलावतो, दिलेला नाश्ता खातो आणि घरी जातो. आपल्याकडच्या शेतकरी मेळाव्यांत बसलेल्या कुणालाही हे दृश्य नवं नाही.

आणि बाकड्यावर बसलेला माणूस नेमका कोण? घानात जमिनीचा मालक एक आणि कसणारा दुसरा हे फार ठिकाणी आहे. तयार बागेची राखण करून उत्पन्नाचा तिसरा हिस्सा घेणारा तो अबुसा. मोकळ्या जमिनीवर बाग उभी करून अर्धा हिस्सा घेणारा तो अबुनू. खोतीच्या कोकणात अर्धेल आणि तिर्धेल कुळं असत, तसलाच प्रकार. आता अबुनूच्या गावोगावच्या रिवाजात एक मेख असते : कुळाचा हक्क बहुतेकदा झाडं उभी असेपर्यंतच. झाडं पडली की जमीन मालकाकडे. प्रशिक्षक येऊन सांगतो, तुमची झाडं पस्तीस वर्षांची झाली, ती तोडा आणि सुधारित रोपं लावा. कृषिशास्त्राच्या दृष्टीनं सल्ला अचूक आहे. कुळाच्या दृष्टीनं तो स्वतःच्या हातानं बेदखल होण्याचा सल्ला आहे. करार तोंडी, मालकाची पुढची पिढी शहरात, आणि जमिनीला सोन्याच्या खाणवाल्यांकडून मागणी. अशा वेळी म्हाताऱ्या झाडांना चिकटून राहणारा माणूस मागासलेला ठरवला जातो! आपल्याकडे कूळकायदा व्हायच्या आधी कुणी कुळांना फळबाग लागवडीचं प्रशिक्षण देऊन 'तुम्ही दीर्घकालीन विचार करत नाही' असं सुनावलं असतं, तर ते जितकं शहाणपणाचं ठरलं असतं तितकंच हे आहे.

सावलीच्या झाडांची गोष्ट याहून विचित्र. शाश्वत कोको म्हटलं की सावली आलीच. हेक्टरी पंधरा-अठरा उंच झाडं ठेवा, ओफ्राम, एमिरे वगैरे. पालापाचोळा पडेल, ओल टिकेल, कोकोच्या फुलांचं परागीभवन करणाऱ्या चिलटाएवढ्या माश्या त्या पाचोळ्यात वाढतील, कार्बनही साठेल. पण घानाच्या १९६२ च्या कायद्यानं आपोआप उगवलेल्या इमारती लाकडाच्या झाडांची मालकी राष्ट्राध्यक्षांकडे विश्वस्त म्हणून गेली. झाड शेतात असलं तरी शेतकऱ्याचं नाही. लाकूडतोडीचा परवाना घेऊन ठेकेदार येतो, झाड पाडतो, ते पडताना खालची दहा-वीस कोकोची झाडं चिरडतं, आणि भरपाई मिळालीच तर नावाला. म्हणून शेतात ओफ्रामचं रोप दिसलं की शहाणा शेतकरी ते लहानपणीच उपटतो, मोठं असेल तर बुंध्याभोवतीची साल सोलून वाळवतो. वर्गात त्याला जैवविविधता शिकवतात. स्वतः लावलेल्या झाडावर त्याला हक्क सांगता येतो, पण त्यासाठी ते आपणच लावल्याची नोंद हवी, आणि अशी नोंदणी आता कुठे मूळ धरू लागलीय. बांधावरच्या सागाला कुऱ्हाड लावायची परवानगी काढताना किती टेबलांपुढे उभं राहावं लागतं, हे महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याला विचारा, म्हणजे घानाच्या शेतकऱ्याची रोप उपटण्यातली घाई समजेल.

शेतकरी ऐकत नाही म्हणून सक्ती करून पाहिल्याचा इतिहासही आहे. १९३६ मध्ये गोल्ड कोस्टच्या पूर्व भागात स्वोलन शूट हा विषाणूरोग आढळला. फुटवे सुजतात, पानं रंग टाकतात, काही वर्षांत झाड मरतं. पसरवतो पिठ्या ढेकूण. औषध नाही, रोगट झाड आणि त्याच्या शेजारची झाडं तोडणं हाच इलाज, आजही. दुसऱ्या महायुद्धानंतर सरकारनं सक्तीची तोड सुरू केली. शेतकरी खवळले, कारण रोगट झाडही आणखी एक-दोन वर्षं फळ देत होतं, आणि नवीन झाड हाताशी यायला कित्येक वर्षं लागणार होती. त्या मधल्या वर्षांत खायचं काय, याचं उत्तर कुणाकडे नव्हतं. फेब्रुवारी १९४८ मध्ये आक्रात दंगल उसळली. तिच्या चौकशीसाठी नेमलेल्या वॉटसन आयोगानं लोकांच्या असंतोषाची जी कारणं नोंदवली, त्यात ही कोकोतोड होती. घानाच्या स्वातंत्र्यलढ्याला ज्या घटनेनं वेग दिला, तिच्या मुळाशी शेतीविस्ताराचं एक अचूक शास्त्रीय फर्मान होतं, हे मला फार बोलकं वाटतं. शास्त्रज्ञ चुकले नव्हते. शेतकरीही चुकले नव्हते. सात दशकांनी, आफ्रिकी विकास बँकेच्या कर्जाच्या जोरावर घानानं पुन्हा रोगट बागा तोडायला घेतल्या, तेव्हा कसणाऱ्याला आणि जमीनमालकाला अशा दोघांनाही भरपाई ठेवली आणि नवी रोपं लावून ती पहिली काही वर्षं सरकारी टोळ्यांनी सांभाळायची असं ठरवलं. अंमलबजावणीत खोट निघाली असेल, नेहमी निघते. तरी हिशेब पहिल्यांदा बरोबर मांडला गेला होता.

मुख्य दुखणं भावाचं. समजा, सगळे वर्ग यशस्वी झाले. वीस-तीस लाख शेतकऱ्यांनी छाटणी केली, खत घातलं आणि उत्पादन दुप्पट केलं. चॉकलेट खाणाऱ्यांची पोटं काही दुप्पट होणार नाहीत. एका शेतकऱ्याचं उत्पादन वाढलं तर त्याचा फायदा. सगळ्यांचं वाढलं तर भाव कोसळतो आणि फायदा खरेदीदाराच्या खिशात. हा तर्क पुस्तकी नाही. २०१६-१७ मध्ये भरघोस पीक आलं आणि टनाला तीन हजार डॉलरच्या वर असलेला भाव दोन हजारांखाली घसरला. आयव्हरी कोस्टच्या सरकारला एप्रिल २०१७ मध्ये शेतकऱ्याचा भाव किलोला १,१०० सीएफए फ्रँकवरून ७०० वर आणावा लागला. चांगलं पिकवल्याची ही शिक्षा. आपल्याकडे केरळ आणि दक्षिण कन्नडमध्येही असंच झालं होतं : कोको लावा म्हणून शिकवलं, लोकांनी सुपारीत-नारळात लावला, आणि १९८० च्या आसपास भाव पडताच खरेदीदारांनी पाठ फिरवली, शेतकऱ्यांनी झाडं उपटून टाकली. शेवटी कॅम्पको ही त्यांची स्वतःची सहकारी संस्था खरेदीत उतरली, १९८६ मध्ये तिनं पुत्तूरला चॉकलेटचा कारखाना काढला, तेव्हा उरलेली झाडं वाचली.

टंचाईत काय होतं तेही नुकतंच दिसलं. डिसेंबर २०२४ मध्ये न्यूयॉर्कच्या बाजारात कोको टनाला बारा हजार डॉलरच्या वर गेला. त्या वेळी आयव्हरी कोस्टच्या शेतकऱ्याला मिळत होते किलोला १,८०० फ्रँक, म्हणजे टनाला जेमतेम तीन हजार डॉलर. कारण दोन्ही सरकारं पुढच्या हंगामाचा माल आधीच विकून भाव ठरवतात. त्यात पडत्या वर्षी संरक्षण मिळतं हे मान्य, पण चढत्या वर्षी शेतकरी हात चोळत बसतो. सरकारांनी भाव वाढवेपर्यंत २०२५ मध्ये बाजार पुन्हा निम्म्यावर आला होता. दोन्ही देशांनी २०१९ मध्ये एकत्र येऊन टनामागे ४०० डॉलर जास्तीचे मागितले होते, जगण्यापुरत्या उत्पन्नासाठी. कंपन्यांनी ते जाहीरपणे मान्य केले, आणि पाठोपाठ त्या देशांच्या मालाला दर्जापोटी मिळणारी वेगळी रक्कम खाली जात उणे झाली. एका हातानं दिलं, दुसऱ्यानं काढून घेतलं; मधल्या काळात वर्ग सुरू होतेच.

यावर एक आक्षेप येतो आणि तो उडवून लावण्याजोगा नाही. नुसता भाव वाढवला तर शेतकरी त्या पैशानं नवं जंगल तोडेल. आयव्हरी कोस्टचा अनुभव तसाच आहे. राष्ट्राध्यक्ष फेलिक्स उफुए-ब्वान्यी स्वतः कोको बागायतदार होते. जो कसेल त्याची जमीन, असं त्यांचं धोरण होतं, आणि त्या हाकेवर उत्तरेकडून आणि शेजारच्या देशांतून लोंढेच्या लोंढे आले. १९६० मध्ये कोटीहून अधिक हेक्टर असलेलं जंगल आता तीस लाखांच्या आत आहे. म्हणजे भाव ही जादूची कांडी नाही. मान्य. पण जंगल तुटलं ते शेतकऱ्याला जंगलाचं महत्त्व ठाऊक नव्हतं म्हणून नव्हे. तिथली ताजी, तणमुक्त, कसदार माती फुकट मिळत होती आणि जुनी बाग नव्यानं उभी करायला पैसा लागत होता म्हणून तुटलं. तो फरक मिटवायचा तर जुन्या जमिनीवर पुनर्लागवड स्वस्त करावी लागेल आणि राखीव जंगलात घुसणं महाग. वर्ग दोन्हीपैकी काहीच करत नाही.

मग शिकवूच नये का? शिकवावं, पण इंडोनेशियात १९८९ मध्ये भातावरच्या तुडतुड्यांसाठी जी शेतीशाळा सुरू झाली, तिच्या मूळ रूपात. तिथे कुणी भाषण देत नव्हतं. शेतकरी गटानं शेतात उतरायचे, किडी मोजायचे, मित्रकिडी ओळखायचे, फवारायचं की नाही हे आपसांत वाद घालून ठरवायचे, असं हंगामभर. पश्चिम आफ्रिकेत कोकोसाठी ती २००० नंतर आली आणि चांगली चालली, कारण तिथे शेतकऱ्याचा हिशेबही चर्चेत यायचा. पण हंगामभराची शाळा महाग पडते. अहवालातला आकडा लाखांत न्यायचा तर ती आक्रसत अर्ध्या दिवसावर येते. त्या अर्ध्या दिवसालाही बोलावणं जातं ते नावावर शेत असलेल्या पुरुषाला. आंबवणं आणि वाळवण बायकांच्या हातात असतं आणि छाटणी कुळाच्या किंवा मजुराच्या.

नेस्लेनं २०२२ मध्ये आयव्हरी कोस्टात सुरू केलेली योजना मला म्हणूनच विचार करण्याजोगी वाटते, कंपनीबद्दल प्रेम नसूनही. छाटणी, मुलांची शाळा, सावलीची झाडं आणि जोडधंदा या गोष्टी केल्या तर कुटुंबाला पहिली दोन वर्षं वर्षाला ५०० स्विस फ्रँकपर्यंत रक्कम, मोबाइलवर, नवरा आणि बायको दोघांत विभागून. छाटणी शिकलेल्या तरुणांच्या टोळ्या मजुरीवर शेतं छाटतात. म्हणजे इथे कंपनीनंच कबूल केलं की छाटणी हा खर्चाचा प्रश्न होता. दोन वर्षांनी रक्कम निम्मी होते, आणि ती भावाचा भाग नाही, मर्जीचं बक्षीस आहे. उद्या बंद केली तर कुणी कोर्टात जाऊ शकणार नाही. शेतकरी संघटनेच्या सभांत 'भीक नको, हवे घामाचे दाम' ही घोषणा ऐकत वाढलेल्यांना बक्षीस आणि भाव यातला फरक समजावून सांगावा लागणार नाही. शरद जोशी तर स्वित्झर्लंडमधली नोकरी सोडून चाकणजवळ जमीन कसायला आले होते. प्रत्यक्ष शेती केल्यावर त्यांना कळलं ते हेच, की मेहनत आणि तंत्र दोन्ही असून तोटा होऊ शकतो, कारण तोटा शेताबाहेर ठरतो. त्यांचं खुल्या बाजाराचं उत्तर घानाला जसंच्या तसं लागू पडेल असं मला वाटत नाही. बारा हजारांवरून सहा हजारांवर झोके घेणारा बाजार दोन हेक्टरवाल्याला झेपणारा नाही. त्यांचं निदान मात्र तंतोतंत बसतं.

त्यामुळे प्रशिक्षणावर खर्च होणारा पैसा आधी तीन ठिकाणी जावा असं माझं मत आहे. गावागावात पगारी छाटणी-फवारणीच्या टोळ्या, ज्यांत खेड्यातल्या पोरांना रोजगार मिळेल. अबुनू-अबुसाचे करार कागदावर आणायला मदत, पुनर्लागवडीनंतरही कुळाचा हक्क राहील या कलमासकट. आणि शेतातल्या झाडांची शेतकऱ्याच्या नावे नोंद. चौथी गोष्ट दानाची नाही, व्यवहाराची आहे : तीन ते पाच वर्षांचे खरेदी करार, किमान भावासह. चॉकलेट कंपन्या कारखान्याच्या यंत्रांसाठी, जाहिरातीसाठी असे करार सर्रास करतात.

हे आत्ताच बोलायला हवं, कारण युरोपीय संघाचा जंगलतोडविरोधी कायदा दोनदा पुढे ढकलून आता डिसेंबर २०२६ वर आलाय. ३१ डिसेंबर २०२० नंतर तोडलेल्या जंगलावरचा कोको युरोपात शिरणार नाही, आणि प्रत्येक पोतं कुठल्या शेतातलं हे नकाशावर दाखवावं लागेल. शेत चार हेक्टरांहून मोठं असेल तर पूर्ण सीमेसकट. कायद्याचा हेतू रास्त आहे. पण नकाशे काढायचे, नोंदी ठेवायच्या, माल वेगळा ठेवायचा हा खर्च कुणी सोसायचा, हे त्यात लिहिलेलं नाही. आत्तापर्यंतची रीत पाहता तो सहकारी संस्थांवर आणि त्यांच्यामार्फत शेतकऱ्यावर ढकलला जाईल, आणि ज्याच्याकडे कागद नाहीत तो कुळवाडी पहिला गळेल. दोन्ही देशांच्या सरकारांनी हा खर्च खरेदीभावाच्या वर वेगळा लावावा, आणि जी कंपनी तो देणार नाही तिला माल विकू नये. १९३७ मध्ये शेतकऱ्यांनी हे एकट्यानं केलं होतं. आज त्यांच्या बाजूला दोन सरकारं आणि जगातला अर्ध्याहून अधिक कोको आहे.